खाद्य बिनधास्त घ्या, पिल्लांची बेंबी बघा

पुण्यात सोलापूर रस्त्यावरच्या या कोंबड्यांचं खाद्य आणि पिल्लं विकणाऱ्या दुकानाला दोन तारे, तेही खाद्यासाठी. चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, ताजं असतं, पोत्यावर तारीख असते, तूसही कोरडं मिळतं. पिल्लांचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

उन्हाळ्याच्या तोंडावर गावरान म्हणून एक दिवसाची पिल्लं मांजरी गावातल्या घरी आणली. लसी कुठल्या दिल्यात विचारलं तर मालक म्हणाले, "सगळ्या, ताई." एक दिवसाच्या पिल्लाला मरेक्स रोगाची देतात; रानीखेत रोगाची लासोटा लस पाचव्या-सातव्या दिवशी आपणच डोळ्यात टाकायची असते. म्हणजे 'सगळ्या' हे गिऱ्हाईक कटवायचं उत्तर.

लगेचच मरतूक सुरू झाली. फोन केला तर, "पाणी बदललं की होतं ताई, बल्ब नीट लावा." आता बल्बचं म्हणाल, तर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला थर्मामीटर टांगलेला, पारा ९५ फॅरनहाइटच्या आसपास. गारठली असती तर बल्बखाली एकमेकांवर चढली असती, उकडलं असतं तर चोची उघड्या टाकून कडेला गेली असती. ही छान पसरून दाणे टिपत होती. मरणारी तेवढी पोट टम्म, पंख गळालेले, डोळे मिटून एका जागी.

नुकतीच मेलेली बर्फावर ठेवून (फ्रीजरमध्ये नको, गोठलं की तपासणी बिघडते) आणि एक आजारी जिवंत पिल्लू वेगळ्या खोक्यात घालून औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात नेलं. डॉक्टरांनी माझ्यासमोरच एक उघडलं. बलक जिरलेलाच नव्हता. हिरवट-तपकिरी, पाण्यासारखा पातळ, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला. बेंबी लाल, ओली, वर काळी खपली.

पिल्लू बाहेर येण्याआधी बलक पोटात ओढून घेतं आणि पहिले दोन-तीन दिवस त्यावर तगतं. उबवणी यंत्र घाण असेल, बेंबी मिटलेली नसेल, तर जंतू तिथूनच आत शिरतात आणि बलक नासतो. गारठ्यानंही बलक जिरायचा राहतो, हे डॉक्टरांनी आपणहून सांगितलं. पण सुजलेल्या बेंबीचं खापर बल्बवर कसं फोडणार? असली पिल्लं औषधानंही फारशी वाचत नाहीत म्हणे.

हे सगळं दुकानात जाऊन सांगितलं. "आम्ही फक्त विकतो, हॅचरीला विचारतो." पुढे काही नाही. खाद्याच्या पोत्यावर सूट देऊ केली, जणू खायला पिल्लं उरली होती! तिथंच नव्या पेटीतलं एक पिल्लू उताणं करून बघितलं तर बेंबीला वाळका दोरा लोंबत होता. मालक म्हणाले, "हात लावू नका ताई, ताण येतो त्यांना."

कुणी घेणारच असेल तर हात लावून, उताणं करूनच घ्या. नाही लावू दिला तर खाद्य घेऊन परत फिरा.