फोंड्यातलं औषधांचं दुकान, जिथं आधी गाडीचं विचारतात

दुकान गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारात आहे. नाव देत नाही, कारण ते चालवणाऱ्या फार्मासिस्ट बाईंनी नको म्हटलंय. फोंड्यात कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा, तो नेऊन सोडेल.

आमचा ट्रान्स्पोर्टचा धंदा उसगावला. २०१२ साली खाणी बंद झाल्या, तेव्हा सासऱ्यांनी टिपर विकून टँकर आणि बंद बॉडीच्या गाड्या घेतल्या. आता माल वेर्णे-कुंडईहून अनमोड घाटाने बेळगावकडे जातो. हिशेब आणि ड्रायव्हरांचे कागद मी सांभाळते. त्यामुळे संतोषला एका कारखान्याच्या गेटवरून परत पाठवलं, तेव्हा पहिला फोन मला आला. "वहिनी, माझ्या लघवीत ड्रग सापडलं म्हणतात."

संतोष सुपारीही खात नाही. त्याला खोकला होता आणि डॉक्टरांनी कोडीनचं सिरप लिहून दिलं होतं. चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती. टेस्ट करायला आलेल्या मुलाने कप दिला, पट्टी बुडवली आणि निकाल सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितला. कसलं औषध चालू आहे का, एवढं एक वाक्य कुणी विचारलं नाही. दुपारपर्यंत ती बातमी तिस्काच्या नाक्यावर पोचली होती. मला अजून त्याचा राग येतो.

त्याच संध्याकाळी त्याला आणि सिरपची बाटली घेऊन मी या दुकानात गेले. गिऱ्हाईक उभं होतं, तरी बाईंनी आम्हाला बाकावर बसवून नीट समजावलं. कोडीनचा काही भाग शरीरात मॉर्फिन, म्हणजे अफूतलं द्रव्य होतो, म्हणून पट्टीवरची अफूवर्गाची खूण पॉझिटिव्ह येते. या पट्टीवर दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह आणि एकच म्हणजे पॉझिटिव्ह. दुसरी रेघ फिकट असली तरी ती निगेटिव्हच धरायची. आणि पॉझिटिव्ह आलं तरी तो संशय असतो, निकाल नव्हे. खात्रीसाठी तोच नमुना मोठ्या लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (वजनावरून नेमकं द्रव्य ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासावा लागतो. बाजारातल्या कितीतरी पट्ट्यांवर या वर्गासाठी मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमची मर्यादा छापलेली असते. अमेरिकेत पूर्वी हीच मर्यादा होती, पण खसखस (ती अफूच्याच बोंडातली) खाल्लेली माणसंही त्यात अडकायला लागली म्हणून १९९८ मध्ये ती २००० वर नेली. आपल्या शाकुतीत, म्हणजे कोंबडी-मटणाच्या मसालेदार रश्श्यात, खसखस असतेच. रविवारी जेवून सोमवारी कपात लघवी देणाऱ्याने हे माहीत करून घ्यायला हवं.

अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरांचा नियमही त्यांनी सांगितला. लॅबमध्ये पॉझिटिव्ह आलं की निकाल थेट मालकाकडे जात नाही. आधी मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर म्हणून नेमलेला डॉक्टर ड्रायव्हरला फोन करतो आणि औषध कुणी दिलं ते पडताळतो. चिठ्ठी खरी निघाली, तर मालकाला निगेटिव्ह असंच कळवलं जातं. नमुन्याचे दोन भाग केलेले असतात आणि दुसरा भाग वेगळ्या लॅबकडून तपासून घ्यायला ड्रायव्हरकडे ७२ तास असतात. गांजाला मात्र सूट नाही, राज्याने औषध म्हणून परवानगी दिली असली तरीही. आपल्या गेटवर यातला फक्त कप आणून ठेवलाय. औषधाचं विचारणारा डॉक्टर आणलेला नाही.

तेव्हापासून आमचे सगळे ड्रायव्हर औषधं इथूनच घेतात. चिठ्ठी पुढे केली की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "रातची गाडी चलयता?" परवा एकाला सर्दी झाली म्हणून सेट्रिझिन लिहिलं होतं. तो रात्री घाट उतरणार हे ऐकल्यावर त्यांनी आमच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्याकडून फेक्सोफेनाडीन लिहून घेतलं. त्याने सहसा तितकी झोप येत नाही. स्वतःच्या मनाने त्या औषध बदलत नाहीत, हे मला फार पटतं. कंबरदुखीच्या गोळीत स्नायू सैल करणारं औषध असेल, तर पाकिटावर स्टिअरिंगचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारतात. बिहार-झारखंडच्या पोरांना मराठी वाचता येत नाही, कन्नड ड्रायव्हरांना हिंदी जड जातं. फुली सगळ्यांना कळते. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला जेवण कुठे आणि किती वाजता होणार ते विचारतात, कारण काही गोळ्या घेऊन जेवण राहिलं की रक्तातली साखर उतरते आणि चालत्या गाडीत डोळ्यांसमोर अंधारी येते.

कायद्याचं मी स्वतः वाचलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूसाठी आकडा आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. औषधासाठी तसा आकडा नाही. गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता का, हे बघतात. अंमल गांजाचा की खोकल्याच्या सिरपचा, असा भेद ते कलम करत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. डॉक्टरची चिठ्ठी आहे म्हणून बिनधास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उणिवाही सांगते. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद आणि रविवारी तर पूर्णच. समोर ट्रक सोडाच, पिकअपही उभी राहत नाही. सूट मिळत नाही. अल्प्राझोलम, ट्रामाडोल, कोडीन चिठ्ठीशिवाय मागितलं तर कितीही ओळख असली तरी नाही म्हणजे नाही. ही औषधं पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेली. डॉक्टर, रुग्ण आणि किती दिलं ते वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. घाईतले ड्रायव्हर यावरून कुरकुरतात. माझ्या मते या दुकानाची हीच सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

आणि मालकांसाठी एक. मागच्या वेळी आमचा नवा ड्रायव्हर घेऊन गेले, तर बाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं. तो काय औषध घेतो ते मला सांगितलं नाही. गाडी चालवायला हरकत नाही असं त्याच्या डॉक्टरकडून लिहून आणायला लावलं आणि तेवढाच कागद माझ्या हातात दिला. मला तेवढाच हवा होता. म्हणून जाल तेव्हा ड्रायव्हरलाच पाठवा. नुसती चिठ्ठी देऊन पोऱ्याला पाठवलंत, तर त्या औषध देतील, पण विचारायचं ते कुणाला विचारणार?