ऑफिसात काय न्यायचं: डोनटचा खोका, मावा केक की गरम पॅटिस?

वाढदिवस, बढती, नोकरीतला शेवटचा दिवस, घरी बाळ आलं, गाडी घेतली. पुण्यातल्या ऑफिसात खाऊ आणायला निमित्त लागतंच असं नाही, पण निमित्त असलं की काय आणायचं यावर मात्र आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकमत होत नाही. आमच्या वीस-बावीस जणांच्या टीममध्ये हे काम बहुतेक वेळा मी अंगावर घेतो, कारण मला बेकऱ्या हिंडायला मनापासून आवडतं. ज्याला येत्या आठवड्यात हीच निवड करायची आहे, त्याला उपयोग व्हावा म्हणून माझा अनुभव मांडतोय. तो आमच्या टीमपुरता आहे. तुमच्याकडे माणसं वेगळी असतील, तर उत्तरही थोडं वेगळं येऊ शकेल.

सुरुवात डोनटपासून करतो, कारण हल्ली सगळ्यात आधी तेच सुचतं. ते सुचतं त्यात चूक काहीच नाही. खोका उघडला की दिसायला त्याच्या जवळपास येईल असं दुसरं काही नाही. चॉकलेटचा, पिठीसाखरेचा, वर रंगीत दाणे टाकलेला, आत जॅम भरलेला असे सगळे एका ओळीत बसलेले असतात आणि माणसं आपली जागा सोडून टेबलापाशी येतात. सहा किंवा बाराच्या हिशेबात मिळतात, खोका मजबूत असतो, ताटल्या लागत नाहीत. शिवाय अंड्याचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी निकालात निघालेला असतो. मॅड ओव्हर डोनट्ससारखी साखळी तर आपले डोनट बिनअंड्याचे असतात हे ठळकपणे सांगते. मिश्र आवडीनिवडीच्या टीमसाठी ही मोठी सोय आहे आणि ती मी कमी लेखणार नाही.

साखळीतले डोनट आणि आपल्या गल्लीतल्या बेकरीतले डोनट यांत मला विचाराल तर गल्लीतले जास्त आवडतात. ते जरा घट्ट असतात, वर नुसती साखर भुरभुरलेली असते, गोडी बेताची असते आणि पैसेही कमी पडतात. पण ते सकाळी तळलेले आहेत की काल रात्रीचे, हे विचारून घ्यायला हवं. यीस्टचं पीठ तळून फुलवलेलं असतं, त्यामुळे पहिल्या काही तासांत जो हलकेपणा असतो तो संध्याकाळी राहत नाही. फ्रिजमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण पावाचं असो की डोनटचं, शिजलेल्या मैद्यातलं स्टार्च थंडीत जास्त लवकर कडक होतं. पावसाळ्यात उलटा त्रास होतो. वरची साखर हवेतला ओलावा ओढून घेते, ग्लेझ पाझरायला लागतं आणि डोनट एकमेकांना चिकटतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास असताना दुचाकीवरून चॉकलेटचे डोनट नेले, तर निम्मं चॉकलेट झाकणाला लागतं. म्हणजे डोनट त्याच दिवशी, ऑफिसला जाताजाता घ्यायचे. आणि मॉलमधली दुकानं उघडेपर्यंत आपली सकाळची मीटिंग उरकलेली असते.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं मत फिरलं ते अर्ध्या डोनटमुळे.

आमच्याकडे डोनटचा खोका उघडला की पहिलं वाक्य ऐकू येतं, "मला अर्धाच दे हं." कुणाची साखर वाढलेली आहे, कुणी वजनावर लक्ष ठेवून आहे, कुणाचा नाश्ता नुकताच झालेला आहे. कारणं खरी असतात आणि कुणालाही आग्रह करून संपवायला लावणं मला पटत नाही. पण डोनट हा अख्खाच खायचा पदार्थ आहे. तो हातानं मोडला की ग्लेझचे कपचे उडतात, जॅमचा असेल तर जॅम शेजारच्या तिघांवर सांडतो आणि उरलेला अर्धा भाग खोक्यात परत जातो. तो परत गेलेला तुकडा कुणी उचलत नाही. कुणाचा तरी हात लागलेला असतो, कडा सुकायला लागलेली असते. शेजारी एखादा अख्खा डोनट असला की पुढचा माणूस पुन्हा त्याचाच अर्धा करतो. चार वाजेपर्यंत खोक्यात अर्धे आणि पाव तुकडे उरतात आणि पँट्रीतल्या मावशी येऊन विचारतात, "हे ठेवू का टाकू?"

ते टाकलं जातं, आणि मला ते बघवत नाही. मैदा, तूप, साखर, पहाटे उठून कुणीतरी केलेली मेहनत, यातलं निम्मं कचऱ्याच्या डब्यात जातं. आधीच चार-चार तुकडे करून मांडायचाही प्रयत्न केला. दातेरी सुरीनं हळू कापले तरी ग्लेझ फुटतं आणि कापलेली बाजू अर्ध्या तासात कोरडी पडते. डोनट चांगला असून काही फरक पडत नाही. किती खायचं हे घेणाऱ्याला ठरवता येत नाही, अडचण तिथे आहे.

आता मावा केक. पुण्यात मावा केक म्हटलं की ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी आठवते. १९५५ पासूनची ही इराणी बेकरी बाहेरगावी श्रूसबेरी बिस्किटांसाठी जास्त ओळखली जाते. ती बिस्किटं दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात न्यायला फार छान आहेत, खूप दिवस टिकतात. पण पुण्यातल्या पुण्यात त्यांचं अप्रूप तेवढं उरत नाही असं मला वाटतं. मावा केकचं तसं होत नाही. लांबट, कागदात भाजलेला, वरून खरपूस तपकिरी, आतून पिवळसर आणि दाणेदार. कयानी दुपारी बंद असते आणि रविवारी उघडत नाही, त्यामुळे जायची वेळ आधी ठरवून ठेवावी. कॅम्पच्या बाजूला राहणाऱ्या सहकाऱ्याला सांगून ठेवलं तर आणखी सोपं.

तिथपर्यंत जाणं जमत नसेल तरी अडत नाही. कोथरूड असो, हडपसर असो की पिंपरी, जुनी चालती बेकरी बहुधा जवळपास सापडते. अनोळखी बेकरीत मी एकच केक घेऊन आधी घरी खातो. वास खव्याचा आणि वेलदोड्याचा यायला हवा. आधी इसेन्सचा वास आला तर पुढे जात नाही. वरून बोटानं दाबलं की केक सावकाश परत वर यावा. खालचा कागद तेलकट होऊन पारदर्शक झाला असेल, तर चरबी जास्त आणि मावा कमी असा माझा अंदाज असतो. ही काही प्रयोगशाळेतली परीक्षा नाही, पण मला तिनं क्वचितच दगा दिला आहे.

मावा केकचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो आदल्या दिवशी संध्याकाळी आणून ठेवता येतो. खव्यातले दुधाचे घन पदार्थ आणि स्निग्धांश यांमुळे तो रात्रभरात कोरडा पडत नाही. उलट माझ्या जिभेला तो दुसऱ्या दिवशीच जास्त चांगला लागतो, वेलदोडा नीट मुरलेला असतो. त्याच्याच कागदात गुंडाळून डब्यात ठेवायचा, उन्हाळा फार कडक नसेल तर फ्रिजची गरज नाही. सकाळी धावपळ नाही, रांग नाही, दुकान उघडायची वाट पाहणं नाही.

आणि तो कापता येतो. बोटभर जाडीच्या कापा करून मांडल्या की ज्याला एक हवी तो एक घेतो, ज्याला नुसती चव बघायची आहे तो एका कापेचा अर्धा भाग करून दुसरा समोरच्याला देतो आणि दोघंही संपवतात. हाताला काही लागत नाही, कीबोर्डवर साखर पडत नाही. कापा उरल्या तर चार वाजताच्या चहाबरोबर जातात. वर आयसिंग नसल्यामुळे शिळेपणा दिसत नाही आणि चवीतही फारसा जाणवत नाही. दिसण्यात मात्र तो डोनटपुढे उणा पडतो, हे मान्य करायला हवं. तपकिरी केकच्या कापांचा फोटो कुणी काढत नाही.

मावा केकची खरी अडचण अंडं आहे आणि ती झाकून ठेवण्यासारखी नाही. नेहमीच्या कृतीत अंडं असतं. आपल्याकडच्या अन्नाच्या नियमांत अंडं मांसाहारात धरतात, म्हणून बंद पाकिटावर तपकिरी खूण असते. आता ती चौकोनातल्या त्रिकोणाच्या रूपात असते. पण सुट्ट्या मालावर अशी खूण दिसेलच असं नाही, तिथे तोंडानं विचारणं हाच उपाय आहे. आमच्या टीममध्ये काही जण अंडं कधीच खात नाहीत, काही मंगळवारी आणि चतुर्थीला खात नाहीत, श्रावणात ही संख्या आणखी वाढते. बिनअंड्याचा मावा केकही मिळतो, काही ठिकाणी चांगला मिळतो, पण कापताना तो जास्त चुरतो असं माझं निरीक्षण आहे. त्यामुळे मी केकवर "यात अंडं आहे" अशी चिठ्ठी लावतो आणि शेजारी दुसरा डबा ठेवतो, त्याची सुरीही वेगळी.

त्या दुसऱ्या डब्यात काय, तर पॅटिस. आपटे रस्त्यावरच्या संतोष बेकरीसमोर पॅटिससाठी लागणारी रांग डेक्कनच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको. पॅटिसही अख्खंच खायचं असतं, तरी ते अर्धं टाकलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. तिखटाला कुणी "अर्धंच" म्हणत नाही. दुपारी चारला भूक खरी असते, आणि त्या वेळी डोनट, केक, पॅटिस तिन्ही मांडले तर पॅटिस आधी संपतं. त्याचा वैरी म्हणजे बंद प्लास्टिकची पिशवी. पॅटिसचे पदर वाफेनं सुटे झालेले असतात, तीच वाफ पिशवीत कोंडली की पदर ओले होऊन बसतात. म्हणून कागदी पिशवीत किंवा उघड्या खोक्यात न्यावं, आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा मोह टाळावा. ऑफिसात छोटा ओव्हन असेल तर पाच-सात मिनिटांत ते पुन्हा कुरकुरीत होतं. प्रवास अर्ध्या तासापेक्षा लांबचा असेल, तर मी पॅटिसऐवजी खारी घेतो.

पॅटिस, खारी, क्रीमरोल या सगळ्यांत चरबी कोणती वापरली आहे हे बघण्यासारखं आहे. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, त्यामुळे पूर्वीइतकी काळजी करावी लागत नाही. तरीही खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहिला आणि गरम चहानंही पटकन गेला नाही, तर त्या बेकरीत मी परत जात नाही. तोंडाच्या उष्णतेला न वितळणारी चरबी असल्याशिवाय असं होत नाही.

टीममध्ये जैन मंडळी असतील तर बटाट्याचं पॅटिस त्यांना चालत नाही आणि अंड्याचा केकही चालत नाही. त्यांच्यासाठी नानकटाई आणावी. ती एरवी बिनअंड्याचीच असते, लहान असते, मोडायची वेळ येत नाही. तरी बेकरीत एकदा विचारून खात्री करून घ्यावी. एकाला तरी नुसता चहा पीत उभं राहावं लागणं मला फार खटकतं, म्हणून पावशेर नानकटाई मी नेहमीच घेतो.

क्रीमच्या पेस्ट्रीबद्दल थोडक्यात सांगतो. त्रिकोणी पेस्ट्रीला ताटली लागते, चमचा लागतो, फ्रिज लागतो आणि रिक्षातून नेताना ती आडवी होते. ऑफिसला लागून बेकरी असेल तरच तिचा विचार करावा.

मग डोनट कधी घ्यावे? टीम आठ-दहा जणांची असेल, बहुतेक जण पंचविशीच्या आसपासचे असतील आणि दुकान वाटेवर असेल, तर जरूर घ्यावे. ज्याचा वाढदिवस आहे त्यानंच मागितले असतील, तर बाकीचा विचार करूच नये. मोजताना मात्र माणशी एक धरू नका, दोघांत एक धरा, आणि आत काही न भरलेले, वर फक्त साखर असलेले घ्या. ते मोडले तरी बरे मोडतात. उरलेल्या बहुतेक वेळी, म्हणजे वीस माणसं, वेगवेगळी वयं, वेगवेगळे नियम आणि सकाळी हाताशी वेळ नाही अशा दिवशी, मी आदल्या संध्याकाळी मावा केक आणतो आणि दुपारसाठी पॅटिस सांगून ठेवतो.

बेकरीत पॅटिस सांगून ठेवताना किती हवीत एवढंच सांगू नका. आपण कधी न्यायला येणार तेही सांगा आणि भट्टीतून घाणा कधी निघतो ते विचारा. पंधरा-वीस नग घेणाऱ्याला बहुतेक बेकरीवाले ही वेळ आपणहून जुळवून देतात.