मेलोट्रॉन एम४०० आणि अ‍ॅम्प्लिफायर : काही महिन्यांच्या वापरानंतर

मेलोट्रॉन म्हणजे टेपवर मुद्रित केलेले वाद्यांचे स्वर पट्ट्या दाबून वाजवायचं कीबोर्ड वाद्य. त्याच्या आवाजाचं कौतुक करणारं लिखाण भरपूर आहे. पण तो आवाज सभागृहात, ड्रम आणि गिटार शेजारी चालू असताना, स्पीकरमधून चांगला कसा काढायचा याबद्दल मला मराठीत काही सापडलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एम४०० ला ३५ पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली ३/८ इंच रुंदीची स्वतंत्र टेप. टेपवर तीन ट्रॅक, म्हणजे तीन वाद्यं. माझ्याकडे व्हायोलिन, बासरी आणि चेलो आहेत. पट्टी दाबली की पिंच रोलर टेपला सतत फिरणाऱ्या कॅप्स्टन नावाच्या दांड्यावर दाबतो, प्रेशर पॅड तिला हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) टेकवतो आणि साधारण आठ सेकंद स्वर मिळतो. पट्टी सोडली की स्प्रिंग टेपला मागे ओढते. अमेरिकेतल्या हॅरी चेंबरलिनच्या यंत्रावरून ब्रॅडली बंधूंनी १९६३ मध्ये इथे बर्मिंगहॅममध्ये पहिला मेलोट्रॉन बनवला. मी याच शहरात राहते, त्यामुळे या वाद्याबद्दल थोडी जास्त माया आहे हे मान्य करते.

मुद्दा असा की मार्क टू या मॉडेलमध्ये अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आतच होते. १९७० साली आलेला एम४०० मंचावर नेता यावा म्हणून लहान आणि हलका केला (तरी ५५ किलोंच्या आसपास भरतो!) आणि स्पीकर काढून टाकले. म्हणजे या वाद्याचा अर्धा आवाज कसा असावा हे वाजवणाऱ्यावर सोडलेलं आहे.

सुरुवातीला मी तो व्हॉल्वच्या गिटार कॉम्बोला (एकाच पेटीत बसवलेल्या अ‍ॅम्प आणि स्पीकरला) जोडला. बारा इंची दोन स्पीकर, स्प्रिंग रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारी सोय). बासरीचा ट्रॅक त्यातून फार सुंदर येतो. गिटारचे स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतात, त्यामुळे टेपचा सुस्कारा आपोआप दबतो आणि बासरीचा श्वास तेवढा राहतो. गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा ते, मात्र अगदी कमी हवा. व्हायोलिनचं उलटं झालं. गिटार अ‍ॅम्प ज्या मधल्या फ्रिक्वेन्सींवर जोर देतो तिथेच या व्हायोलिनचा नाकातला सूर आहे, आणि दोन्ही मिळून कानाला टोचतात. शिवाय अ‍ॅम्प थोडा जरी फाटायला (आवाज विकृत करायला) लागला तरी कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांचा, चिखल होतो. एका टेपवर एक साधा स्वर नसतो, एकत्र वाजणारी अनेक व्हायोलिनं असतात. चार पट्ट्या दाबल्या की अशा चार झुंडी अ‍ॅम्पमध्ये एकमेकींत मिसळतात आणि मूळ स्वरांशी नातं नसलेले नवे स्वर तयार होतात. गिटारला जे फाटणं शोभतं ते इथे घातक आहे.

आता मी डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणाऱ्या डबीतून) मिक्सरला आणि तिथून दहा इंची पॉवर्ड स्पीकरला जाते. ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय घ्यावा. मेलोट्रॉनचा जॅक अनबॅलन्स्ड आहे, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट रोखू न शकणारा. लांब केबल आणि वेगवेगळ्या सॉकेटमधून घेतलेली वीज यामुळे जी हम (सततची गुणगुण) येते ती डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलचं अर्थिंग तोडणारं बटण) दाबला की बहुतेक वेळा जाते. वाद्याच्या प्लगमधलं अर्थिंग काढून हम घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

मिक्सरवर ७० हर्ट्झच्या खालचं सगळं कापते. तिथे संगीत नसतं, मोटरची घरघर आणि पट्टी खाली आदळल्याचा धप्प आवाज असतो. मोठ्या स्पीकरवर तो धप्प ड्रमसारखा ऐकू येतो. अडीच किलोहर्ट्झच्या आसपास हलकासा कट, व्हायोलिनसाठी जरा जास्त. ट्रेबल वाढवण्याचा मोह आवरा. टेपवर वरच्या फ्रिक्वेन्सींमध्ये मुळातच फार काही नाही, नॉब फिरवून फक्त सुस्कारा वाढतो.

हे सगळं खरं असलं तरी आवाजात सर्वांत मोठा फरक अ‍ॅम्पमुळे पडला नाही, तो वाद्याच्या आत हात घातल्यावर पडला. प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू असतात, एक प्रेशर पॅडचा आणि एक पिंच रोलरचा. पॅडचा दाब कमी असेल तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि तो एक स्वर मंद, कापसातून आल्यासारखा येतो. हेडफोनवर हे फारसं जाणवत नाही. सभागृहात मात्र एका कॉर्डमधला एक स्वर बुडतो आणि शेजारचा ओरडतो, आणि आपण उगाच ईक्यू (मिक्सरवरचे बेस-ट्रेबलचे नॉब) फिरवत बसतो. रोलरचा दाब कमी-जास्त असेल तर स्वर डळमळतो. मी एकेक पट्टी घेऊन सगळ्या समान केल्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, टेपची फ्रेम बाहेर काढून हेड डीमॅग्नेटाइझ केले (त्यांच्यात साचलेलं चुंबकत्व काढलं), हेडची जागा थोडी सरकवली, कारण बासरी लावली तरी मागे शेजारच्या ट्रॅकवरचं व्हायोलिन कुजबुजत होतं. त्यानंतर मिक्सरवरचे अर्धे बदल मागे घ्यावे लागले. मूडी ब्लूज या रॉक बँडचा माइक पिंडर बँडच्या आधी मेलोट्रॉनच्या कारखान्यात तपासणीचं काम करत होता. मंचावर तो हे वाद्य इतक्या खात्रीने कसं चालवू शकला, हे मला झाकण उघडल्यावर नीट कळलं.

स्पीकर कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. टेपचे हेड हवेतलं चुंबकीय क्षेत्र पकडतात. व्हॉल्व अ‍ॅम्पचा पॉवर ट्रान्सफॉर्मर वाद्याच्या मागे खेटून ठेवला की ५० हर्ट्झची हम सुरू होते, आणि कितीही चांगली केबल लावली तरी ती जात नाही. अ‍ॅम्प दोन पावलं लांब नेला किंवा नुसता वळवला की शांत. स्पीकरचं मोठं मॅग्नेट टेपच्या जवळ कधीच नको, चुंबकाने टेपवरचा आवाज पुसला जाऊ शकतो.

व्हॉल्यूम पेडल ही माझ्या मते चैन नाही, गरज आहे. पट्टी हळू दाबा की जोरात, टेप एकाच जोरात वाजते, आणि सोडली की स्वर कापल्यासारखा थांबतो. पेटीवर भात्याचा हात जे काम करतो ते इथे पायाने करायचं. कॉर्ड धरण्याआधी पेडल मागे, मग वर, आणि आठ सेकंद संपायच्या आत परत खाली. त्यावर प्लेट प्रकारचा रिव्हर्ब, दोन सेकंदांच्या आसपास. पट्ट्या आळीपाळीने सोडत वाजवलं की सांधे ऐकू येत नाहीत.

जास्त पट्ट्या एकदम दाबल्या की मोटरवर ताण येऊन सूर किंचित खाली जातो. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या जुन्या सीएमसी-१० या कंट्रोल कार्डाची याबाबत कुख्याती आहे. नंतर एसएमएस मालिकेतली कार्डं आली. माझ्यात एसएमएस-४ आहे, तरी मी चारपेक्षा जास्त स्वर धरत नाही. बेस गिटार असताना डाव्या हाताच्या खालच्या स्वरांची गरजही नसते.

फक्त कार्यक्रमांसाठी हवा असेल तर २०१० मध्ये आलेला एम४०००डी हा डिजिटल मेलोट्रॉन घ्या. हम नाही, धप्प नाही, थंड गाडीतून उबदार हॉलमध्ये आणल्यावर आतला दमटपणा सुकेपर्यंत थांबणं नाही. तरीही मी टेपचाच ठेवणार आहे. तोच स्वर दुसऱ्यांदा दाबला की तो अगदी तसाच येत नाही, आणि चांगल्या स्पीकरवर हा फरक मागच्या रांगेतही पोचतो.

चेलोचं अजून समाधान झालेलं नाही. खालच्या पट्ट्यांवर दहा इंची स्पीकर धापा टाकतो, आणि ७० हर्ट्झचा कट खाली आणला की मोटर परत ऐकू येते. आता पंधरा इंची बेस कॅबिनेट फक्त त्या एका ट्रॅकसाठी लावून बघणार आहे. ज्यांनी असं केलं असेल त्यांनी क्रॉसओव्हर (ज्या फ्रिक्वेन्सीला आवाज दोन स्पीकरांत वाटला जातो ती) किती ठेवला ते कळवा.