पश्चिम आयर्लंडच्या बेटांवरील मार्गदर्शित पदभ्रमंती : एक परीक्षण

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर इतिहास जाणणाऱ्या मार्गदर्शकासोबत पायी हिंडण्याची सहल आम्ही कोल्हापुरातील काही भटक्यांनी गेल्या जूनमध्ये केली. तेव्हापासून ओळखीची माणसे दोनच गोष्टी विचारतात : तिथे पाहण्यासारखे काय आहे, आणि खर्चाचे चीज झाले का. तिथे दिसते ते बहुतांशी गवत, दगड आणि समुद्र एवढेच. त्या गवतात आणि दगडांत काय वाचायचे हे सांगणारे माणूस सोबत असेल तरच खर्चाचे चीज होते, आणि आमच्या बाबतीत ते झाले. म्हणूनच हे परीक्षण निसर्गसौंदर्यापेक्षा त्या मार्गदर्शनाचे अधिक आहे.

सहल चालवणारी संस्था लहान आहे आणि एका गटात डझनभरापेक्षा जास्त माणसे घेत नाही. निवास, न्याहारी, रात्रीचे जेवण, बोटींची तिकिटे आणि सामानाची ने-आण शुल्कात धरलेली असल्यामुळे दिवसभर पाठीवर लहान सॅक तेवढी राहते. रोजचे चालणे दहा ते पंधरा किलोमीटर असते, त्यामुळे पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड मोहीम करणाऱ्याला अंतराचे काहीच वाटणार नाही. कस लागतो तो पाय घोट्यापर्यंत रुतणाऱ्या दलदलीच्या जमिनीत आणि उलट दिशेने येणाऱ्या वाऱ्यात. मार्गदर्शक बाई पुरातत्त्वशास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांची एक सवय मला फार आवडली : दंतकथा सांगताना त्या ती दंतकथा आहे असे आधीच बजावत, आणि कागदपत्रांचा आधार असलेली गोष्ट कोणत्या प्रकारच्या नोंदीत आहे तेही सांगत. आपल्याकडील गडांवर ज्यांनी माहिती ऐकली आहे, त्यांना या सवयीचे मोल वेगळे सांगायला नको.

सर्वांत समृद्ध ठरले ते क्लेअर आयलंड. क्ल्यू बे या उपसागराच्या तोंडाशी असलेल्या या बेटाच्या धक्क्यावर उतरताच समोर एक ओबडधोबड चौकोनी गढी दिसते. ती सोळाव्या शतकातील ओमॅली घराण्याची, म्हणजे ग्रेस ओमॅली किंवा आयरिश लोकांच्या ग्रॉन्याची. स्वतःची जहाजे बाळगून या किनाऱ्यावर हुकमत गाजवणारी ही बाई १५९३ मध्ये आपल्या मुलाच्या आणि भावाच्या सुटकेसाठी थेट लंडनजवळच्या ग्रिनिच येथे जाऊन राणी एलिझाबेथ पहिली हिला भेटली. महाराणी ताराबाईंच्या गादीच्या गावाहून आलेल्या आम्हा मंडळींनी तिच्याविषयी इतके प्रश्न विचारले की दुपारची शिदोरी गढीच्या भिंतीलाच टेकून उरकावी लागली. तिथून पुढे एका मध्ययुगीन मठाच्या छोट्या चर्चमध्ये छताच्या गिलाव्यावर रंगवलेले प्राणी, शिकारी आणि वादक यांच्या चित्रांचे अवशेष आहेत. ग्रॉन्याचे दफन इथेच झाले असे परंपरा सांगते, आणि बाईंनी ‘परंपरा’ या शब्दावर जोर देऊनच ते सांगितले.

खरा इतिहास मात्र त्यानंतर, नॉकमोर या ४६२ मीटर उंचीच्या डोंगराकडे चढताना उलगडला. तिरपे ऊन पडले की सगळ्या उतारांवर गवताखाली समांतर पट्टे दिसू लागतात. उसाच्या पट्ट्यातून गेलेल्या आमच्यापैकी एकाने क्षणात ओळखले की हे सरी-वरंबे आहेत. ते होते बटाट्याचे. कुदळीने माती वर ओढून, समुद्रातून आणलेले शेवाळ खत म्हणून घालून केलेले हे वरंबे डोंगराच्या अशा उंचीपर्यंत पोहोचले आहेत की तिथे आज मेंढ्यांशिवाय कोणी जात नाही. १८४१ च्या जनगणनेत या बेटावर सोळाशेच्या वर माणसे होती. आज दीडशेच्या आसपास आहेत. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला, पुढची काही वर्षे तो येतच राहिला आणि साऱ्या आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे भूक आणि साथींनी मेली, तर साधारण तेवढीच देश सोडून गेली. त्यातही १८४७ च्या एका तरतुदीने पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाकारली, म्हणजे अकरा गुंठे असणाऱ्याने अन्नासाठी जमीन तरी सोडायची किंवा उपाशी तरी राहायचे. गुंठ्याचा हिशोब ज्यांच्या घरात रोज चालतो, त्यांना त्या वरंब्यांवर उभे राहून हे ऐकणे जड गेले. बाईंनी इथे कसलेही नाट्य केले नाही. आकडे सांगितले, एक पडके घर दाखवले आणि पुढे चालायला लागल्या.

त्याच उतारावर शेती आणि गायरान वेगळे करणारी लांबच लांब दगडी भिंत आहे. दारिद्र्यग्रस्त पश्चिम भागासाठी १८९१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मंडळाने १८९५ मध्ये हे बेट जमीनदाराकडून विकत घेतले, विखुरलेले तुकडे एकत्र करून कुटुंबांना सलग पट्टे दिले आणि ही भिंत घातली. एका चढणीवर गढी, दुष्काळ आणि जमीन-सुधारणा असे तीन कालखंड ओळीने वाचता येतात, आणि चालण्याचा मार्ग त्याच क्रमाने आखलेला आहे, हे संस्थेचे कसब मान्य करायला हवे.

इनिशबॉफिन हे दुसरे बेट क्लेगन बंदरातून अर्ध्या तासावर आहे. तिथे मुक्काम असल्यामुळे शेवटची बोट गाठण्याची घाई नव्हती. बंदराच्या तोंडावर सतराव्या शतकातील इंग्रज सेनानी क्रॉमवेल याच्या काळातील तटबंदी आहे, जिथे कॅथलिक धर्मगुरूंना कैदेत ठेवले जाई. पण मला अधिक रस वाटला तो सातव्या शतकातील कोलमन या साधूच्या मठाच्या कथेत. ईस्टरचा दिवस कसा ठरवायचा या वादात ६६४ मध्ये इंग्लंडमधील व्हिटबी येथील धर्मसभेत हरलेला कोलमन आपले आयरिश आणि काही इंग्रज अनुयायी घेऊन या बेटावर आला. पुढे काय झाले ते इंग्रज इतिहासकार बीड याने आठव्या शतकात लिहून ठेवले आहे : आयरिश भिक्षू उन्हाळ्यात शेतीची कामे टाकून भटकायला निघून जात आणि हिवाळ्यात परत येऊन इंग्रजांनी पिकवलेल्या धान्यात वाटा मागत. भांडण इतके विकोपाला गेले की कोलमनला इंग्रजांसाठी मुख्य भूमीवर मेयो येथे निराळा मठ वसवावा लागला. सहकारी तत्त्वावर चाललेल्या कोणत्याही संस्थेच्या सभासदांना हा प्रसंग अनोळखी वाटू नये. आज तिथे दिसणारे पडके चर्च बरेच नंतरचे आहे, हेही बाईंनी सांगून टाकले.

याच बेटाच्या पश्चिम टोकावरून इनिशार्क हे शेजारचे बेट दिसते. त्याला सुरक्षित बंदर नव्हते. १९४९ मध्ये तिथले तीन तरुण समुद्रात बुडाले आणि १९६० च्या ऑक्टोबरमध्ये उरलेल्या मोजक्या कुटुंबांना गुराढोरांसह किनाऱ्यावर हलवण्यात आले. सहलीच्या पत्रकात इनिशार्कवर उतरण्याचा उल्लेख ‘हवामान अनुकूल असल्यास’ असा आहे. आमच्या वेळी लाटांमुळे नावाड्याने नकार दिला आणि आम्ही पलीकडची बिनछपराची घरे दुर्बिणीतून पाहिली. याबद्दल तक्रार नाही, कारण ज्या कारणाने ते गाव उठले त्याच कारणाने आम्हालाही उतरता आले नाही. जाणाऱ्याने मात्र हा दिवस हमखास मिळेल असे धरून चालू नये.

अ‍ॅकिल १८८७ पासून पुलाने जोडलेले आहे, त्यामुळे तिथे बेटावर आल्यासारखे वाटत नाही. स्लिव्हमोर डोंगराच्या पायथ्याची ओसाड घरांची रांग पाहण्यासारखी आहे खरी, पण क्लेअर आयलंडनंतर तिथे नवे असे थोडेच हाती लागते.

सहलीचा कमकुवत भाग म्हणजे अ‍ॅरन बेटांपैकी इनिश मोर. इथले डून एंगस हे दगडी दुर्गस्थान सुमारे नव्वद मीटरच्या सरळसोट कड्यावर उभे आहे आणि त्याची सुरुवात ख्रिस्तपूर्व ११०० च्या आसपासची मानली जाते. शत्रूची चाल अडवण्यासाठी बाहेर दाटीवाटीने रोवलेले टोकदार दगड पाहून गडकोट हिंडणाऱ्या माणसाचे पाय तिथेच थबकतात. चुन्याविना रचलेल्या गडग्यांची जाळी साऱ्या बेटावर पसरली आहे, आणि आतली माती लोकांनी वाळू आणि शेवाळ पसरून पिढ्यान् पिढ्या तयार केलेली आहे. एवढ्या ऐवजासाठी सकाळी येऊन संध्याकाळच्या बोटीने परतणे अपुरे आहे. दिवसभराच्या पर्यटकांची गर्दी त्याच वेळी असते आणि बाईंचे बोलणे वाऱ्यात व कोलाहलात हरवते. अ‍ॅकिलचा दिवस वगळून इथे एक रात्र द्यावी, असे आम्ही अभिप्रायात लिहून दिले आहे.

काही व्यावहारिक गोष्टी. युरोपातील बहुतेक देशांत एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या शेंगेन करारात आयर्लंड नसल्यामुळे शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. मुंबईहून आखातमार्गे डब्लिन आणि तिथून रेल्वेने वेस्टपोर्ट हा प्रवास सुटसुटीत आहे. जेवण मेंढीचे मटण, मासे आणि बटाट्याभोवती फिरते; शाकाहारी मंडळींची सोय आधी कळवल्यास होते, परंतु दुपारच्या शिदोरीत रोज चीजचे सँडविच येते आणि तेव्हा घरून नेलेली कांदा-लसूण चटणी उपयोगी पडते. बूट पाणी आत न घेणारे आणि आधी वापरून सैल झालेले हवेत. छत्री नेऊ नये, ती वाऱ्यात टिकत नाही. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि आफ्रिकेतून येणारा कॉर्नक्रेक हा दुर्मीळ पक्षी त्या दिवसांत इनिशबॉफिनच्या गवतात रात्रभर करकरत असतो, म्हणून झोप सावध असणाऱ्यांनी शेताकडची खोली घेऊ नये.