‘पाच वर्षे एकच दर’ : माझे १८,९०० रुपये असे गेले

सरकारी कार्यालयात ३१ वर्षे लेखापाल म्हणून दुसऱ्यांच्या बिलांतील चुका काढण्यात नोकरी घालवलेला मी विजेच्या दराच्या नावाखाली १८,९०० रुपयांना फसलो, हे लिहिताना लाज वाटते. परंतु मला फसवणाऱ्यासारखाच माणूस शेजारच्या तालुक्यात फिरत असल्याचे मेहुण्यांकडून कळल्यावर गप्प राहवेना.

आमचे गाव जळगाव जिल्ह्यातले. पारा ४४ अंशांवर गेला की दोन कूलर आणि एक एसी यांना रात्री विश्रांती नसते. मे २०२५चे बिल ४१२ युनिटांचे, ५,४६० रुपयांचे आले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो दर बांधून देणारा माणूस दारात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, तोंडात ‘काका’. बिलाच्या एकेका ओळीवर बोट ठेवून त्याने सांगितले की, कोळसा महागला की इंधन समायोजन आकार वाढतो, ३०० युनिटांच्या वर गेले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो आणि नवे मीटर बसले की तासागणिक दर बदलेल. तेव्हा आताच दर बांधून घ्या, सर्व आकार धरून ७ रुपये २० पैसे, पाच वर्षे.

यात खऱ्याची भेसळ होती आणि तीच मला भोवली. आमच्याच जिल्ह्यातल्या दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा जाळूनच वीज होते, त्यामुळे कोळशाच्या भावाची झळ बिलाला लागते हे मला ठाऊक होते. मात्र वरचा दर फक्त मर्यादेच्या वरच्या युनिटांना लागतो, हेही मला ठाऊक असायला हवे होते. तासांप्रमाणे दराचे म्हणाल, तर १ जुलैपासून स्मार्ट मीटरच्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत सुरू झाली. ज्या सवलतीची वर्तमानपत्रांत चर्चा होती, तिचीच त्याने मला भीती घातली.

मी कागदावर हिशेब केला. ४१२ युनिटांचे २,९६६ रुपये ४० पैसे, म्हणजे महिन्याला सुमारे अडीच हजारांची बचत. गुणाकार अचूक होता, फक्त मी बाराही महिने मे महिनाच धरला होता. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “पहिले कागद दखा, मंग पैसा द्या.” मी तिला हिशेब दाखवून गप्प केले. नोंदणी १,५००, अनामत १२,०००, करारपत्राचा मुद्रांक ५००, असे १४,००० रुपये क्यूआर कोडवर पाठवले. पडद्यावर एका बाईंचे नाव आले. “आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत,” असे तो म्हणाला आणि मी ते मानले.

पण खरी लाज पुढेच आहे. पावतीवरचा माझा ग्राहक क्रमांक ११ अंकी होता. तो १२ अंकी असतो. मला ते दिसले, मी ते बोलूनही दाखवले आणि तो “टायपिंगची चूक, काका” म्हणताच खिशातले पेन काढून सुटलेला अंक मीच लिहिला! आयुष्यभर ज्या खाडाखोडीवर मी शेरे मारले, ती स्वतःच्या हाताने केली.

जुलैत ‘मीटर बदल शुल्क’ म्हणून ४,९०० रुपये गेले. मीटर बदलण्यासाठी दारात कोणी पैसे मागितले तर दार लावून घ्या. पुढचे बिल नेहमीच्याच दराने आले आणि फोन बंद झाला.

वीज कार्यालयात गेलो. “आमचा माणूस नाही, पोलिसांत जा.” पोलीस ठाण्यात म्हणाले, “पैसे तुम्ही राजीखुशीने दिले. अशी योजना नाही असे वीज कार्यालयाकडून लेखी आणा.” वीज कार्यालय म्हणाले, “जी योजनाच नाही, ती नाही असे लेखी कसे देणार?” या दोन दारांत मी अकरा खेपा घातल्या. एका खेपेला साहेब जेवायला गेले होते, एका खेपेला बंदोबस्ताला, आणि एकदा समोर बसलेल्या साहेबांनीच मला साहेब बाहेर गेल्याचे सांगितले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदली गेली, पण पैसे जाऊन बरेच आठवडे लोटले होते. पैसे गेल्याचे लक्षात येताच त्याच तासाला फोन करा, माझ्यासारखे साहेबांची वाट पाहू नका.

महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला स्थिर की बदलता, असा दर निवडताच येत नाही. विजेचा दर विद्युत नियामक आयोग आदेशाने ठरवतो आणि बिलावरचा ‘स्थिर आकार’ ही महिन्याची ठरावीक आकारणी आहे, दराची हमी नव्हे. तो माणूस ज्या ‘ओपन अॅक्सेस’चे, म्हणजे वीज कंपनीऐवजी दुसऱ्या पुरवठादाराकडून वीज घेण्याच्या मुभेचे, नाव घेत होता, त्यासाठी २०२२च्या नियमांनंतर हरित ऊर्जेलाही सर्वसाधारणपणे किमान १०० किलोवॅट भार लागतो. माझा मंजूर भार ३ किलोवॅट, तोही त्याच बिलावर छापलेला.

अखेर अर्ज घेतला गेला. मागच्या सोमवारी तो अर्ज परत आला. शेरा असा की, पावतीवरील ग्राहक क्रमांकात हस्ताक्षरात खाडाखोड असल्याने खुलासा सादर करावा.