वेड्यांच्या इस्पितळाचं नाटक: नाट्यगृहात की देवळापुढच्या मांडवात?

असंगत नाटकात, म्हणजे तर्काची साखळी मुद्दाम तोडणाऱ्या 'अ‍ॅब्सर्ड' नाटकात, संवादांइतकंच वजन त्यांच्यामधल्या थांब्यांना असतं, म्हणून जागा आधी ठरवा. रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहासारख्या बंद रंगमंचावर 8 सेकंदांची शांतता टिकते, पुरता काळोख मिळतो. पांढऱ्या चादरी मात्र प्रकाश परत फेकतात आणि चेहरे फिके पडतात. त्या चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा. लोखंडी खाटा 3 पुरेत. पायांना रबरी बुचं लावा, नाहीतर सरकवताना माइक तेवढाच आवाज उचलतो.

मांडवात खारा वारा पडदे फडफडवतो, जनरेटर शांतता खातो. तिथे खाटा नकोतच. दशावतारात बाकडंच सिंहासन होतं ना? तेच इथे खाट, डॉक्टरांचं टेबल, आडवं टाकलं की बंद दार. प्रेक्षक तीन बाजूंना, तेव्हा दर 2-3 मिनिटांनी पात्रांची दिशा फिरवा. ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद करावा लागतो. साडेसातला नारळ फोडा.

तरीही आमचा कौल मांडवाला. मात्र हसू इस्पितळाच्या नियमावलीचं यावं, रुग्णाच्या हातवाऱ्यांचं नको. गावातल्या कुणाचं तरी माणूस मनोरुग्णालयात असू शकतं. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं) प्रमाणपत्र मात्र दोन्हीकडे लागतं, अर्ज वेळेत करा.