वादळानंतर श्रीवर्धनला काय पाठवावं: सामान, रोख की रोपं?

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा मी परळच्या घरात फोन घेऊन बसले होते. गावचा एकही नंबर लागेना. काही दिवसांनी आतेचा आवाज ऐकला. "कौलं उडाली ती परत बसतील गो. वाडी झोपली त्याचं काय?" वाडी म्हणजे आमची नारळ-सुपारीची बाग. पुढं कधी वादळ आलं आणि तुम्हीही माझ्यासारखे गाव सोडून मुंबईत राहत असाल, तर मदत ठरवताना आतेचं हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिल्या आठवड्यात मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या टेम्पोला तोड नाही. वीज नाही, मोबाईलचा टॉवर बंद, मग फोनवरून पाठवलेले पैसे गावात खर्च कुठे करणार? मात्र टेम्पोत ताडपत्री, पत्रे, खिळे, मेणबत्त्या, सौर दिवे आणि पडलेली झाडं कापायची मशीन हवी. पत्रे तर मुंबईहूनच न्यावेत. सगळ्या गावाला एकाच वेळी छप्पर हवं असतं, तालुक्याच्या दुकानात तेवढे मिळत नाहीत. आमच्या टेम्पोचा अर्धा भाग जुन्या कपड्यांनी भरला होता. ते कपडे पुढं पावसात भिजून गेले आणि त्या जागेत किती पत्रे मावले असते, हे मला आजही बोचतं.

वीज आणि बँक सुरू झाली की रोख बरी. कुणाला औषध हवं असतं, कुणाला सुताराची मजुरी द्यायची असते. घरातल्या माणसाला ते आपल्यापेक्षा नीट कळतं. पण ही मदत ज्याचं कुणी मुंबईत आहे त्याच्याच घरी पोचते. माड-पोफळीवर चढून नारळ-सुपारी उतरवणाऱ्या मजुराची झाडंही गेली आणि कामही गेलं, आणि त्याला पैसे पाठवणारं बहुधा कुणी नसतं. म्हणून मी आतेला पाठवताना त्याचा वाटा वेगळा सांगून पाठवते.

गावात ओळखीचं कुणीच उरलं नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधीत भरा. आयकराच्या जुन्या करप्रणालीत या देणगीवर पूर्ण वजावट मिळते. आपलं गाव मात्र तिथे निवडता येत नाही.

आता वाडी. निसर्गनंतर फळबागांसाठी सरकारने मदत वाढवून हेक्टरी 50,000 रुपये केली. आमच्याकडे वाड्या गुंठ्यात मोजतात. हेक्टरात साधारण 100 गुंठे, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये आणि 10 गुंठ्यांच्या वाडीला 5,000. तेवढ्यात आडव्या पडलेल्या पोफळी उचलून वाडी साफ करणंही कठीण. शिवाय सुपारीचं रोप लावण्याजोगं व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, लावल्यावर फळ धरायला पाच ते सात वर्षं. कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून सावलीसाठी केळीही लावाव्या लागतात. श्रीवर्धनी रोठा सुपारी वर्षातून एकदा जो पैसा घरात आणते, तो इतकी वर्षं बंद. आणि मुंबईहून येणारी मदत गणपतीपर्यंत आटलेली असते.

त्यामुळे निवड करायचीच असेल तर मी सगळ्यात मोठा वाटा वाडीसाठी मागे ठेवायला सांगेन. 10,000 द्यायचे असतील तर 2,000 चे पत्रे-ताडपत्री टेम्पोत, 3,000 रोख गणपतीच्या आत आणि उरलेले 5,000 रोपं, केळी आणि मजुरीसाठी पुढच्या दोन पावसाळ्यांना. घरात आजारपण असेल तर अर्थात हा हिशेब बाजूला ठेवून सगळे लगेच द्या.

आणि फोनवर "काय पाठवू?" असं विचारू नका. आपली माणसं "काही नको, तुम्ही सांभाळा" एवढंच म्हणतात. किती पोफळी पडल्या, किती उभ्या आहेत आणि रोपं कुणाकडे सांगितली आहेत, ते विचारा.